सिंगापूरचा दाखला देणाऱ्यांनी आधी चेक जावा पाहावा

मुंबईत खारफुटी कापायची असली, खाडीत भराव घालायचा असला किंवा पाणथळीवर गोल्फचं मैदान काढायचं असलं, की एक दाखला ठरलेला असतो: सिंगापूर. त्यांनी समुद्र बुजवला, देश पाव हिश्शाने वाढवला, आणि तरीही जगातलं हिरवंगार शहर म्हणून नाव कमावलं. मग आपणच का अडून बसायचं? हा युक्तिवाद वर्तमानपत्रांच्या स्तंभांत येतो, सभागृहांत येतो, आणि चार दिवसांची सहल करून परतणाऱ्या आप्तांच्या बोलण्यातही येतो. मी सिंगापुरातच राहतो, इथल्या ओहोटीच्या चिखलात उतरलो आहे, आणि म्हणून स्पष्ट सांगतो: हा दाखला खोटा आहे. त्यातले आकडे खरे आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष खोटा आहे.

आकडे आधी पाहू. १९६० च्या दशकात सिंगापूरचं क्षेत्रफळ सुमारे ५८१ चौरस किलोमीटर होतं, आज ते ७३५ च्या आसपास आहे. विमानतळ, बंदर, मरीना बेचे मनोरे, सगळं या नव्या जमिनीवर उभं आहे. पण याच हिशेबाचं दुसरं पानही वाचायला हवं. १८१९ मध्ये इंग्रज इथे उतरले त्या सुमारास बेटावर अंदाजे ७५ चौरस किलोमीटर कांदळवन होतं, म्हणजे जमिनीचा जवळजवळ आठवा हिस्सा. आज ते सात-आठ चौरस किलोमीटरच्या घरात उरलं आहे. निम्म्याहून जास्त प्रवाळ भरावाखाली गाडले गेले. किनाऱ्याचा ७० ते ८० टक्के भाग आता भिंत किंवा दगडी बांध आहे. तिथे भरती येते आणि दगडावर आपटून परत जाते. जो हिरवेपणा पाहून पाहुणे हरखतात तो गार्डन्स बाय द बे हा १०१ हेक्टरचा बागबगीचाही भरावावरच आहे. बाग सुंदर आहे, तिची निगा अप्रतिम आहे. पण बाग ही खाडीची जागा घेऊ शकत नाही. खाडीच्या चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या जगतात, माशांची पिल्लं मुळांच्या आडोशाला वाढतात, आणि सैबेरियातून ऑस्ट्रेलियाकडे निघालेले पक्षी त्याच चिखलात चोच खुपसून पुढच्या प्रवासाचं बळ मिळवतात. बागेतल्या फुलझाडांकडून यातलं काहीही होत नाही.

आता मुख्य प्रश्न, जो दाखला देणारे कधी विचारत नाहीत: ही जमीन आली कुठून?

वाळूतून आली, आणि ती वाळू शेजाऱ्यांच्या समुद्रातून व नद्यांतून आली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१४ मध्ये सिंगापूरची नोंद जगातला सर्वांत मोठा वाळू आयातदार अशी केली. वीस वर्षांत सुमारे ५१ कोटी ७० लाख टन. मलेशियाने १९९७ मध्ये निर्यात थांबवली. इंडोनेशियाने २००३ मध्ये समुद्री वाळूवर आणि २००७ मध्ये जमिनीवरच्या वाळूवर बंदी घातली. रियाऊ द्वीपसमूहातलं निपा हे बेट उपशामुळे पाण्याखाली जायच्या बेताला आलं होतं, आणि देशाची सागरी सीमा तिथून मोजली जात असल्याने इंडोनेशियाला ते पुन्हा भर घालून उभं करावं लागलं. मग पाळी कंबोडियाची आली. कोह काँग प्रांतात खाड्यांच्या तोंडाशी ड्रेजर लागले, काठ ढासळले, खेकडे पकडून जगणाऱ्या घरांची जाळी रिकामी येऊ लागली. २००७ नंतरच्या दशकभरात सिंगापूरच्या आयात-नोंदीत कंबोडियाची वाळू ७ कोटी टनांहून जास्त दिसत होती आणि कंबोडियाच्या निर्यात-नोंदीत ३० लाख टनांपेक्षाही कमी. मधली वाळू कुठे गेली, पैसा कोणाच्या खिशात गेला, यावर तिथे आवाज उठला आणि २०१७ मध्ये कंबोडियानेही कायमची बंदी घातली.

म्हणजे सिंगापूरच्या नकाशात जेवढी भर पडली, तेवढी कोणाच्या तरी किनाऱ्यातून वजा झाली. मुंबईच्या भरावासाठी हा 'कोणी तरी' कोण असणार? वसईची, ठाण्याची, रायगडची खाडी असणार. तिथले मच्छीमार वाळूउपशाविरुद्ध वर्षानुवर्षं तक्रार करत आहेत. सिंगापूरने दुसऱ्या देशांचे किनारे खरवडले. आपण आपल्याच जिल्ह्यांचे खरवडणार आहोत. सिंगापूरच्या शेजाऱ्यांनीही हे मुकाट्याने सोसलं नाही. तुआस आणि पुलाऊ तेकाँगच्या भरावावरून मलेशियाने २००३ मध्ये सिंगापूरला आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणासमोर उभं केलं. २००५ मध्ये तडजोड झाली ती तेकाँगच्या भरावाचा आराखडा बदलून आणि जोहोरच्या मच्छीमारांना भरपाई देऊन.

यावर उत्तर येतं की सिंगापूरला पर्याय नव्हता. ते मला मान्य आहे. १९६५ मध्ये स्वतंत्र झालेल्या या नगरराज्याला मागे ना शेती होती ना डोंगर. पिण्याचं पाणीसुद्धा जोहोरमधून नळाने येत होतं. त्यांच्या अनेक निर्णयांमागे ही खरी निकड होती. पण महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर आहे. आपल्याकडे जमिनीची टंचाई नाही. सगळं एकाच बेटावर कोंबण्याचा हट्ट आहे. आणि समुद्र बुजवण्याचा अनुभव मुंबईला परक्याकडून घ्यायची गरज नाही. सात बेटांचं शहर भरावानेच एक झालं. बॅकबेच्या भरावात १९२० च्या दशकात काय घोळ झाला, खुर्शेद नरिमन यांनी तो कसा चव्हाट्यावर आणला, हे मुंबईच्या इतिहासात नोंदलेलं आहे. मिठी नदीच्या मुखाशी दलदल भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला तेव्हा त्या पाण्याला पसरायला जागा उरली नव्हती. त्या दिवशी ज्यांनी घरातली माणसं गमावली त्यांना सिंगापूरचा दाखला देऊन पाहावा.

दुसरा युक्तिवाद याहून घातक आहे, कारण तो पर्यावरणाच्या भाषेत बोलतो: इथली खारफुटी काढू आणि दुसरीकडे तिप्पट लावू. वर्सोवा ते भाईंदर किनारी रस्त्यात महापालिकेच्याच आकड्याप्रमाणे ४५ हजारांहून जास्त खारफुटी बाधित होते आहे, आणि तिथेही भरपाईच्या लागवडीचंच आश्वासन आहे.

खारफुटीचं रोप कुठेही रुजत नाही. भरतीने ठरावीक वेळ भिजणारी आणि ओहोटीला ठरावीक वेळ उघडी पडणारी एक अरुंद पट्टी असते, तेवढीच तिची. त्या पट्टीच्या खाली लावलं तर रोप गुदमरतं, वर लावलं तर तग धरत नाही. उघड्या चिखलठाणावर जबरदस्तीने लावलं तर रोपं तर जातातच, शिवाय पक्ष्यांची चरायची जागाही जाते. पुलाऊ उबिन बेटावर कोळंबीसाठी खारफुटी तोडून तळी केली होती. धंदा बंद पडला, तळी ओस पडली, पण वर्षं उलटली तरी खारफुटी पुरती परतली नाही, कारण बांधांनी पाण्याच्या वाटा बदलून टाकल्या होत्या. नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरचे अभ्यासक आणि स्वयंसेवक यांनी तिथे 'रिस्टोअर उबिन मँग्रोव्ह्ज' नावाचं काम हाती घेतलं, तेव्हा रोपवाटिकेपासून सुरुवात केली नाही. आधी जमिनीची उंची मोजायची, भरतीचं पाणी कुठून शिरतं आणि कुठे अडतं ते पाहायचं, ती वाट मोकळी करायची. बिया भरती स्वतः आणून टाकते, ही त्यामागची समज. नेरूळच्या डीपीएस तलावातून रोहित पक्षी निघून गेले तेव्हा नेमकं हेच झालं होतं. भरतीचे मार्ग अडले होते. तिथल्या नागरिकांनी पाठपुरावा केला आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यायला मंजुरी दिली.

सेमाकाऊचं उदाहरण कोणी तरी काढेल, म्हणून तेही सांगतो. १९९९ मध्ये सुरू झालेल्या सेमाकाऊ कचराभूमीच्या बांधकामात खारफुटी गेली, आणि बदल्यात १३.६ हेक्टरवर लावलेली नवी खारफुटी जगली. जगली, कारण ती त्याच बेटाला लागून, त्याच भरतीच्या पट्ट्यात लावली होती आणि वर्षानुवर्षं तिच्यावर देखरेख झाली. समुद्राचं वारंही न लागणाऱ्या जिल्ह्यात झाडं लावून किनाऱ्याची भरपाई झाल्याचं कागदोपत्री दाखवणं हा वेगळाच प्रकार आहे, आणि त्याला सेमाकाऊचं नाव देणं ही दिशाभूल आहे.

मग सिंगापूरकडून शिकायचं काहीच नाही का? पुष्कळ आहे. पण ते भरावात नाही, चेक जावामध्ये आहे.

पुलाऊ उबिनच्या पूर्व टोकाचा हा किनारा ओहोटीला सुमारे शंभर हेक्टर उघडा पडतो. वाळूचा काठ, खडक, समुद्रगवताचं मैदान, प्रवाळांच्या तुकड्यांचा पट्टा, खारफुटी आणि किनारी जंगल असे सहा अधिवास तिथे हाकेच्या अंतरावर आहेत. पावलापावलावर समुद्री तारे, गालिच्यासारखी पसरलेली समुद्रफुलं, चिखलात अर्धे रुतलेले शंख. १९९२ मध्ये हा किनारा भरावासाठी नेमला गेला. डिसेंबर २००० मध्ये जोसेफ लाय हे वनस्पतींचे जाणकार तिथे गेले आणि ओहोटीला जे दिसलं ते त्यांनी इतरांना सांगितलं. बातमी निसर्गप्रेमींत पसरली. काम सुरू व्हायला वर्षच उरलं होतं. रॅफल्स जैवविविधता संशोधन संग्रहालयाचे शास्त्रज्ञ आणि स्वयंसेवक नीचतम ओहोटीच्या वेळा गाठून दोरी ताणून मोजणी करू लागले. किनारा वाचेल असं कोणी धरून चाललं नव्हतं. निदान काय होतं याची नोंद राहावी म्हणून संग्रहालयाने नमुनेही गोळा केले. वर्तमानपत्रांत पत्रं आली, सरकारकडे निवेदनं गेली, आणि जायच्या आधी एकदा पाहून घ्यावं म्हणून हजारो माणसं मुलाबाळांसह चिखल तुडवत आली. डिसेंबर २००१ मध्ये राष्ट्रीय विकासमंत्री माह बो तान यांनी भराव पुढे ढकलल्याचं जाहीर केलं. २००७ मध्ये तिथे लोकांसाठी लाकडी पायवाट झाली.

या घटनेत मुंबईसाठी जे आहे ते फार मोलाचं आहे. जगातल्या सर्वांत काटेकोर नियोजन करणाऱ्या सरकारलाही आपल्या नकाशातल्या शंभर हेक्टरांवर काय जगतंय हे ठाऊक नव्हतं. ते सांगितलं ओहोटीला वाकून मोजणाऱ्या सामान्य माणसांनी. आणि मोजणी समोर आल्यावर त्या सरकारने निर्णय बदलला, यात त्याची मानहानी झाली नाही. एक गोष्ट मात्र दडवून चालणार नाही: हा भराव रद्द झालेला नाही, उबिनची विकासासाठी गरज पडेपर्यंत लांबणीवर पडला आहे. इथल्या नागरिकांच्या हाती न्यायालयाचा मनाई हुकूम नव्हता. होती ती फक्त विनंती आणि नोंदवही. पर्यावरण परिणाम अभ्यासासाठी इथे स्वतंत्र कायदाही नाही, तो अभ्यास नियोजनाच्या चौकटीत केला जातो. शिस्तीचं एवढं नाव असूनही २०२१ मध्ये क्रांजी इथल्या रानाचा काही भाग अभ्यास पुरा होण्याआधीच चुकीने साफ झाल्याचं उघडकीला आलं होतं.

आपल्याकडे किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना १९९१ पासून आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीला लगाम घातला आणि २०१८ मध्ये तर खारफुटी नष्ट करणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे असं म्हटलं, भोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितलं. सिंगापूरच्या निसर्गप्रेमींना जे कधी मिळालं नाही ते आपल्याकडे आहे. सिंगापूरचं नाव घेऊन तेच पोखरायला निघालेल्यांना मी विकासवादी म्हणायला तयार नाही.

गोल्फचं म्हणाल, तर १९९२ मध्ये लोअर पियर्स जलाशयाच्या जंगलात गोल्फचं मैदान काढायचा प्रस्ताव आला होता. नेचर सोसायटीने स्वतः परिणामांचा अभ्यास करून अहवाल मांडला, लोकांनी सह्या केल्या, प्रस्ताव बारगळला. नवी मुंबईत टीएस चाणक्य आणि एनआरआय पाणथळींवर घरं आणि गोल्फचं मैदान आणण्यासाठी आरक्षण बदललं गेलं, ते उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केलं. सिंगापूरसारखं व्हायचं तर हा निकाल मनापासून मान्य करावा.

सुंगेई बुलोहही याच ओळीत येतं. १९८६ मध्ये मलायन नेचर सोसायटीच्या पक्षीनिरीक्षकांनी सोडून दिलेल्या कोळंबीच्या तळ्यांवर स्थलांतरित पक्ष्यांचे थवे पाहिले. तिथे शेती-तंत्रज्ञानाचं संकुल येणार होतं. त्यांनी जागा राखण्याचा प्रस्ताव लिहून दिला. १९८९ मध्ये ती निसर्ग उद्यानासाठी ठरली, १९९३ मध्ये खुली झाली, २००२ पासून ती संरक्षित राखीव आहे आणि आता २०२ हेक्टरवर पसरली आहे. कोकणातल्या खाजणाच्या बांधाला उघाडी असते, तशाच दारांनी तिथल्या तळ्यांतलं खारं पाणी चढवलं-उतरवलं जातं, म्हणजे भरतीतही पाणलाव्यांना उथळ चिखल मिळावा. राखीव क्षेत्राची पाटी लावून इथे काम संपत नाही; दारं रोज कोणाला तरी हलवावी लागतात. ठाणे खाडीच्या अभयारण्याला २०१५ मध्ये दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत जागा. त्या खाडीत येणाऱ्या सांडपाण्याकडे आणि राडारोड्याकडे अशी रोजची नजर हवी आहे.

नद्यांच्या बाबतीत तर आपण सिंगापूरने जे सोडलं तेच धरून बसलो आहोत. कालांग नदीचा बिशानजवळचा पट्टा काँक्रीटचा सरळ नाला होता. तो त्यांनी फोडला, २.७ किलोमीटरच्या नाल्याची ३.२ किलोमीटरची वळणं घेणारी नदी केली, दोन्ही काठांना पूर सामावणारी हिरवळ ठेवली, आणि २०१२ मध्ये ते उद्यान खुलं केलं. आज तिथे पाणमांजरं पिल्लांसह पोहतात. २००५ च्या पुरानंतर मिठीला आपण भिंती बांधल्या.

माणसांचंही बोललं पाहिजे. सिंगापूरच्या दक्षिणेकडच्या बेटांवर ओरांग लाउत, म्हणजे समुद्राची माणसं, पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. भरावासाठी, कारखान्यांसाठी, कचराभूमीसाठी ती एकेक करून मुख्य बेटावरच्या इमारतींत हलवली गेली. सेमाकाऊशेजारच्या पुलाऊ साकेंगचे शेवटचे रहिवासी १९९० च्या दशकात गेले. त्यांच्या भरती-ओहोटीच्या ज्ञानाला आता विचारणारं कोणी उरलं नाही. मुंबईचे कोळी अजून आहेत. किनारी रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधलं ६० मीटरचं अंतर होड्यांना पुरणार नाही, हे वरळी कोळीवाड्याने सांगितलं, त्यासाठी काम अडवून धरलं, आणि अखेर अंतर १२० मीटर झालं. अभियंत्यांच्या नकाशात नसलेली माहिती कोळीवाड्याकडे होती. सिंगापूर ती कायमची गमावून बसलं आहे. आपण जाणूनबुजून तिथवर जायचं का?

आणि शेवटी खर्च. २०१९ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी सांगितलं की वाढत्या समुद्रापासून देश वाचवायला पुढच्या शंभर वर्षांत १०० अब्ज सिंगापूर डॉलर किंवा त्याहूनही जास्त लागतील. शतकाअखेर इथली समुद्रपातळी १.१५ मीटरपर्यंत वाढू शकते असा अंदाज आहे. पूर्व किनाऱ्याबाहेर 'लाँग आयलंड' नावाचं सुमारे ८०० हेक्टरचं नवं बेट घालायचा विचार त्यासाठीच चालू आहे, म्हणजे भरावाच्या संरक्षणासाठी आणखी भराव. ज्या देशाने कांदळवन गमावलं तो आता भिंतींसाठी एवढी तरतूद करतो आहे. त्याच्याकडे ती करायला तिजोरी तरी आहे. महाराष्ट्रात अजून तीनशेहून जास्त चौरस किलोमीटर खारफुटी उभी आहे, आणि आपल्या तिजोरीची स्थिती सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती आहे. तुमच्या शहरातल्या खाडीवर, पाणथळीवर, नदीकाठावर प्रकल्प जाहीर झाला की हरकती-सूचनांची मुदत चुकवू नका. सिंगापूरचं चित्र दाखवणाऱ्या लोकप्रतिनिधीकडे ओहोटीच्या वेळी केलेली मोजणी मागा: कोणते पक्षी, कोणते मासे, कोणत्या महिन्यात, कोणी मोजले, आणि तिथल्या कोळ्यांना विचारलं का. ती मोजणी नसेल तर लेखी हरकत नोंदवा, आणि येत्या अमावास्येच्या ओहोटीला शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन स्वतः मोजायला उतरा.